शेवाळ, प्लवक की प्लवंग? आणि समुद्राच्या खताला काय म्हणायचं?

बेळगावचा मास्तर:
नमस्कार मंडळी. आमच्या मराठी शाळेत विज्ञान प्रदर्शनाचा तक्ता चाललाय, विषय समुद्रातली बारीक शेवाळं आणि हवामानाचा त्यांच्यावर परिणाम. मी आपलं "सूक्ष्म शेवाळ" लिहून मोकळा झालो, खरं सातवीतल्या एका पोरानं लगेच विचारलं, सर समुद्र मग निसरडा होतो काय? आता त्याचं काय चुकलं, शेवाळ म्हटलं की आमच्या डोळ्यांसमोर हौदाची कड आणि आपटलेला माणूसच येतो. पेपरात एकदा "प्लवंग" वाचलेलं, ते चालेल का?

निपाणीकर:
प्लवंग नको ओ सर. अमरकोशात प्लवंग म्हणजे माकड! उड्या मारत जातं ते. मुळात धातू प्लु, त्याचा अर्थ तरंगणं पण आणि उडी मारणं पण, म्हणून ही गडबड. पंचांगात बघा, २०२१ च्या पाडव्याला प्लव संवत्सर लागलं आणि २०२७ ला प्लवंग लागतंय. समुद्रातल्याला "प्लवक" म्हणा, पाण्याबरोबर वाहत जाणारं ते प्लवक. त्यातलं उन्हावर स्वतःचं अन्न करणारं ते वनस्पती-प्लवक. शेवाळ कुठंतरी चिकटलेलं असतं असं लोक धरून चालतात, हे तर कशालाच चिकटत नाही.

खानापूरवाला:
आमच्याकडं अर्धी माणसं शेवाळाला कन्नडातलं पाचीच म्हणतात, तेही चिकटलेलंच. खरं मला प्लवकपेक्षा "करंडक" शब्द लई आवडतो. डायटमला मराठीत करंडक वनस्पती म्हणतात. काचेचं कवच, दोन भागांचं, एकावर एक झाकण बसावं तसं, अगदी आज्जीच्या कुंकवाच्या करंड्यासारखं. ग्रीक नावाचा अर्थ दोन तुकडे केलेलं, आमच्यावाल्यानं त्यात करंडा बघितला, मला तर हे भाषांतर मूळ नावापेक्षा सरस वाटतं. आणि ती काच येते कुठनं, तर डोंगरातल्या दगडातनं. पावसात दगड झिजतो, सिलिका विरघळते, नदीतनं समुद्रात जाते. म्हादई आमच्या तालुक्यातनं निघून पणजीला समुद्राला मिळते, म्हणजे तिथल्या करंड्यांना थोडी काच आमच्या डोंगराची पण असणार की.

बेळगावचा मास्तर:
करंडक पक्का, तक्त्यावर चित्र पण काढतो. आता दुसरं अडलंय. "पोषकद्रव्ये" लिहिलं तर पोरं टॉनिकची बाटली समजतात.

निपाणीकर:
सरळ खत लिहा. शेतकऱ्याची पोरं आहेत, युरिया डीएपी रोज ऐकतात. समुद्रात पण तेच, नायट्रेट, फॉस्फेट, वर लोह आणि सिलिका. रेडफिल्ड नावाच्या शास्त्रज्ञानं दाखवलं की प्लवकात नायट्रोजन आणि फॉस्फरसचं प्रमाण साधारण १६ ला १ पडतं आणि खोल समुद्राच्या पाण्यात पण जवळपास तेच. करंडकाला तर नायट्रोजनइतकीच सिलिका पण लागते. एक कमी पडलं की बाकीचं कितीबी असू दे, वाढ तिथंच थांबते, उसाला नुसता युरिया टाकून बघा की.

खानापूरवाला:
ह्याचा पुरावा पण आहे आणि त्यात शब्द पण आपला आहे! २००९ मध्ये गोव्याच्या समुद्रविज्ञान संस्थेनं जर्मनांबरोबर दक्षिण महासागरात ३०० चौरस किलोमीटर पाण्यात लोह सोडलं, प्रयोगाचं नाव "लोहाफेक्स", त्यातला लोहा आपलाच. प्लवक वाढलं, खरं तिथं सिलिका आधीच संपलेली, करंडक काय वाढले नाहीत, मऊ मऊ जातीचं जे वाढलं ते बारीक किड्यांनी खाऊन टाकलं. प्लवकानं हवेतला कार्बन शोषून तळाला न्यावा असा बेत होता तो तिथंच बसला.

बेळगावचा मास्तर:
मस्त. आता शेवटचं, खालचं गार पाणी खत घेऊन वर येतं त्याला "उपसा" लिहू का? उपसा सिंचन सगळ्यांना माहीत आहे.

निपाणीकर:
उपसा कोणीतरी करावा लागतो, मोटर लागते. इथं पावसाळ्यात वारा आणि पृथ्वीचं फिरणं मिळून वरचं पाणी किनाऱ्यापासनं लांब ढकलतात आणि खालचं आपसूक वर येतं. केरळकडं होतं, सोमालिया ओमानकडं तर फारच जोरात. "उमाळा" म्हणा गा, विहिरीच्या तळातनं येतो तसा. आणि उन्हाळ्यात हौदात हात घाला, वर कोमट तळाला गार, ढवळल्याशिवाय मिसळत नाही. समुद्र तापला की तसाच थर धरतो, उमाळा अडतो, वरचं खत संपतं, पाणी दिसायला निळंशार खरं आत रान मोकळं. हिरवट समुद्र म्हणजे पिकाचा समुद्र. अर्थात पीक जास्त झालं तरी वांदे, मरून कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खाऊन टाकतं, आपल्या पश्चिम किनाऱ्याला पावसाळा सरताना ते होतंच, मासे बाजूला पळतात.

बेळगावचा मास्तर:
उमाळा लिहिला. बाजूच्या कन्नड शाळेतले मास्तर पण तक्ता बघायला आलेले, उमाळा म्हणजे काय विचारलं, मी विहिरीचं सांगितलं. ते म्हणाले, हां, चिलुमे! आता त्यांच्या तक्त्यावर चिलुमे लिहिलंय.