मदत हवी आहे: प्लेटलेट खरंच कमी, की नळीतच गुठळ्या?

आईचं (वय ६३) पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन प्लेटलेटपायी अडलंय. जांभळ्या झाकणाच्या ईडीटीए (रक्त गोठू न देणारं रसायन) नळीत काउंट ३८ हजार. ताप नाही, डेंग्यू निगेटिव्ह, अंगावर लाल ठिपके नाहीत, हिरड्यांतून रक्त नाही. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी नॉर्मल. रक्त पातळ करायची गोळी चालू नाही.

पॅथॉलॉजिस्टनी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली बघितली तर कडेला प्लेटलेटचे पुंजके. मशीन ते मोजतच नाही. निळ्या झाकणाच्या सायट्रेट (रक्त गोठू न देणारं दुसरं रसायन) नळीत काउंट १ लाख ४२ हजार आला, म्हणजे (नळीतल्या द्रवाने रक्त थोडं पातळ होतं म्हणून) १.१ ने गुणून साधारण १ लाख ५६ हजार. (सायट्रेटमध्येही काहींचे पुंजके होतात म्हणे, पण ही काच स्वच्छ होती.)

भूलतज्ज्ञ मात्र छापील ३८ हजारावरच अडून बसलेत, "आधी प्लेटलेट चढवू" म्हणतात. नसलेल्या कमतरतेसाठी रक्तपेढीतली पिशवी कशाला? तालुक्याला रक्तविकारतज्ज्ञ नाहीत, आणि पोटात अधूनमधून कळ येते, त्यामुळे फार थांबताही येत नाही.

लॅबमध्ये काम करणारे किंवा यातून गेलेले कुणी सांगाल का: रिपोर्टवर नेमका कोणता शेरा लिहून घेतला की भूलतज्ज्ञ तो ग्राह्य धरतात? आणि सायट्रेटचा आकडा पुरतो, की रक्त काढल्या काढल्या लगेच मोजणीही करून घ्यावी?