जर्मॅनिक वळणाची भाषा रचतेय, सर्वनामांसाठी सल्ला हवा

दर्यावर्दी:
एका दीर्घकथेसाठी जर्मॅनिक, म्हणजे जर्मन-इंग्रजीच्या कुळातली, भाषा रचतेय. कथेतलं बेट उत्तर समुद्रात आहे, डेन्मार्क आणि इंग्लंडच्या मध्ये. पाचव्या शतकात मुख्य भूमीवरून आलेल्या लोकांचे वंशज तिथे मासेमारी करतात. मला जर्मन बऱ्यापैकी येतं, त्यामुळे नामं-क्रियापदं जमली, पण सर्वनामांपाशी गाडं अडलंय. काहीही केलं तरी जर्मनची नक्कल वाटते. सुरुवात कोणत्या जुन्या भाषेपासून करू? 'आपण' आणि 'आम्ही' हा भेद मला मनापासून हवाय, तो शोभेल का? आणि आदरार्थी रूप ठेवू का?

निळीशाई:
गॉथिकपासून करा. चौथ्या शतकात बिशप वुल्फिलाने केलेल्या बायबलच्या भाषांतरामुळे तिची रूपं नीट हाती लागतात: इक (मी), मिक आणि मिस (मला), वीस (आम्ही), यूस (तुम्ही). शाळेत 'वयम्', 'यूयम्' घोकलेल्यांना शेवटची दोन लगेच ओळखीची वाटतील.

खारफुटी:
गॉथिक जरूर शिका, पण रूपं तिथून उचलू नका. ती पूर्वेकडची शाखा, तुमचं बेट पश्चिमेकडचं. माझा आग्रह असा की एकेक सर्वनाम निवडत बसू नका. आधी ध्वनिबदल ठरवा आणि सगळा तक्ता त्यांतून चाळून काढा. नक्कल वाटण्याचं कारण तिथेच आहे.

दोन बदल पुरेसे आहेत. पहिला: 'मला' या अर्थाच्या मूळ रूपाच्या शेवटी 'झ' होता. गॉथिकात त्याचा 'स' झाला (मिस), जर्मनमध्ये 'र' (मिर), आणि उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर तो गळूनच पडला (इंग्रजी मी, me). 'आम्ही'चंही तसंच: वीस, विर, वी. दुसरा: किनाऱ्यावरच्या भाषांत फ, थ, स यांच्या आधीचा अनुनासिक गेला आणि मागचा स्वर लांबला. जर्मन 'उन्स' (आम्हाला), पण जुन्या इंग्रजीत 'ऊस'. एवढं केलंत तरी बेटाची भाषा जर्मनपासून सुटी होईल. इक-मी, वी-ऊस ही विजोड जोडी तशीच राहू द्या, ती सरळ करायचा मोह टाळा. आपलं 'मी-मला-माझा' तरी कुठे एका साच्यातलं आहे? जर्मन पाद्री श्लायर याने 1880च्या सुमारास वोलाप्यूक रचली, तिच्यात ओब म्हणजे मी, ओल म्हणजे तू, आणि पुढे स लावला की अनेकवचन: ओब्स, ओल्स. शिकायला सोपं, पण पिढ्यान्‌पिढ्या बोलली गेलेली भाषा अशी दिसत नाही.

आता 'आपण-आम्ही'. हा प्रश्न मला फार आवडला. मूळच्या कुठल्याही जर्मॅनिक भाषेत हा भेद मला आढळलेला नाही. पापुआ न्यू गिनीतल्या इंग्रजीजन्य टोक पिसिनमध्ये 'युमी' (आपण) आणि 'मिपेला' (आम्ही) आहेत, पण ते तिथल्या स्थानिक भाषांच्या सहवासातून आलेत. तुमच्या बेटाला असा शेजार नाही. तरीही वाट आहे: द्विवचन. जुन्या इंग्रजीत 'वित' म्हणजे आम्ही दोघे, 'यित' म्हणजे तुम्ही दोघे, आणि त्यांची इतर रूपं 'उंक', 'इंक'. आणि हे द्विवचन नेहमी मरतंच असं नाही, कधीकधी ते अनेकवचनाची जागा घेतं. आइसलँडमध्ये आज 'आम्ही'साठी रोज वापरतात ते 'विद' मुळात द्विवचन आहे. बव्हेरिया-ऑस्ट्रियाच्या बोलींतलं 'एंक' (तुम्हाला) तसंच.

मग तुमच्या बेटावर असं घडू द्या. होडीवर दोघंच असतात, म्हणून 'वित' म्हणजे बहुतेक वेळा 'मी आणि समोरचा तू'. हळूहळू दोनाची अट गळते, समोरच्याला धरून घेण्याचा अर्थ उरतो, आणि 'वी'कडे 'तुला वगळून आम्ही' एवढंच राहतं. एक सांभाळा: जुन्या इंग्रजी काव्यात 'वित शिलिंग' म्हणजे 'मी आणि शिलिंग' (शिलिंग हे नाव) असंही येतं, ऐकणारा त्यात नाही. गाण्यांत हा जुना वापर टिकवलात तर नव्या पिढीला तो कोड्यात टाकेल, आणि कथेला ते उपयोगी पडेल.

सुकीभेळ:
आदराबद्दल माझं मत: नको. मुळात या कुळात फक्त एकवचन, द्विवचन, अनेकवचन असा संख्येचाच भेद होता, आदरार्थी रूपं नंतर दरबारी आणि शहरी वागण्यातून आली. स्वीडनमध्ये तर लोक पदव्या लावून बोलत. 1967 मध्ये आरोग्य खात्याचे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना 'दू' (तू) म्हणणार असं जाहीर केलं, आणि 'दू'ची लाट अधिक जोरात आली. मासेमारांच्या छोट्या बेटावर सगळे सगळ्यांना 'थू' म्हणतील. अडचण तुमच्या मराठी संवादांची आहे. मी तरी तिथे सरसकट 'तू'च ठेवेन, सरपंचालाही. आई, आजी आणि देव यांना आपण 'तू' म्हणतोच, वाचकाला चार पानांत सवय होईल.

निळीशाई:
एक भर. स्वीडिशमध्ये 'सिन' म्हणजे कर्त्याचं स्वतःचं आणि 'हान्स' म्हणजे दुसऱ्या कुणाचं. आपल्याकडे 'त्याने आपलं जाळं घेतलं' आणि 'त्याने त्याचं जाळं घेतलं' यात हाच फरक करता येतो. इंग्रजीने तो गमावला. तुमच्या बेटाने जपावा.

दर्यावर्दी:
सगळ्यांचे मनापासून आभार. 'वित'ची कल्पना तर कथेच्या मध्यावरच्या भांडणात थेट बसतेय. तक्ता असा केलाय: इक/मी, थू/थी, वित/ऊक, यित/ईक, वी/ऊस, यी/इउ. 'सिन' घेतेय. तृतीय पुरुषात ही (तो), हिओ (ती), हित (ते).

खारफुटी:
'ऊक', 'ईक' नको. अनुनासिक फक्त फ, थ, स यांच्या आधी जातो, 'क'च्या आधी टिकतो, म्हणून उंक, इंकच. तृतीय पुरुषातली 'ही' आणि 'हिओ' हजार-दीड हजार वर्षांत एकसारखी ऐकू यायला लागतील. इंग्रजीला हीच अडचण आली असं मानतात. म्हणून स्त्रीलिंगी रूप 'सी' ठेवा, जर्मन 'झी'च्या नात्यातलं आहे. शिवाय प्रत्येक सर्वनामाला बिनआघाताचं तोकडं रूप द्या. डचमध्ये 'येइ'चं 'य', 'वेइ'चं 'व' होतं. सर्वनामं बोलताना सगळ्यात आधी झिजतात, आणि संवादांत ती पूर्ण लांबीची राहिली की भाषा व्याकरणाच्या पुस्तकातली वाटते.

दर्यावर्दी:
मग 'वित'चं तोकडं रूप 'त' चालेल? क्रियापदाला चिकटून?

खारफुटी:
चालेल. पण 'हित'चंही 'त' होईल, तेव्हा दोघांपैकी एकालाच द्या. मी 'वित'ला देईन.