मदत हवी आहे: मूच, कॅज, बम, स्पंज, लोफ या इंग्रजी शब्दांतला फरक कसा शिकवू?

पाटीपेन्सिल: उद्या पहाटे तास आहे. शब्दकोश सगळ्यांना 'फुकट मिळवणे' नाहीतर 'आळसात वेळ घालवणे' एवढंच म्हणतो. एकीनं वाक्य केलं, 'मी वडिलांकडून फ्लॅट मूच केला'. खटकतंय, पण का ते सांगता येईना. लवकर सांगा.

नाशिककर: फुकट्या, ऐतखाऊ, आयत्या बिळावर नागोबा. मराठीत सांगा, झालं.

पाटीपेन्सिल: विद्यार्थी चिनी आहेत हो! ऑनलाइन वर्ग, सगळे नोकरदार.

दूरदेशी: हे आधी सांगायचं ना! मी सहा वर्षं चीनमध्ये होतो. त्यांचं 'त्संग' घ्या. मूळ अर्थ अंग घासणं. 'त्संग फान' म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर जेवणं, 'त्संग वांग' म्हणजे शेजाऱ्याचं वायफाय वापरणं. मूच त्याच्या जवळचा. पण बम आणि कॅजमध्ये तोंड उघडून मागावं लागतं: सिगारेट, लिफ्ट, दहा-वीस रुपये. फ्लॅटएवढी मोठी गोष्ट या तिन्हींत बसत नाही. वर्षानुवर्षं आईबापांवर जगणं म्हणजे स्पंज. त्याला त्यांच्याकडे 'खन लाओ' म्हणतात, म्हाताऱ्यांना कुरतडणं.

थेम्सकाठ: अर्धवट माहिती. ब्रिटनमध्ये 'मूच अबाउट' म्हणजे नुसतं इकडेतिकडे रेंगाळणं, त्यात फुकटेपणा नाही. आणि बम शिकवताना जपून, इथे तो आधी पार्श्वभाग असतो.

दूरदेशी: अमेरिकन अर्थच शिकवा. परीक्षेत तोच येतो.

पाटीपेन्सिल: कसली परीक्षा? त्यांना सहकाऱ्यांशी गप्पा मारायच्यात.

थेम्सकाठ: सहकारी कुठले, ते तर कळू दे!

चहाबिस्कीट: लोफवरून आठवलं. आमच्या आजोबांच्या तोंडी 'लोफर' ही जबर शिवी होती. इंग्रजीत लोफ करणं म्हणजे रविवारी दुपारी नुसतं लोळणं, एवढंच.

नाशिककर: लोफर बूट कोल्हापुरात चांगले मिळतात का?

दूरदेशी: लोफला 'तांग पिंग' जोडू नका. 2021 मध्ये तिकडे चीनमध्ये गाजलेला शब्द, अर्थ 'सपाट पडून राहणं'. पण तो धावपळीला दिलेला जाणूनबुजून नकार आहे. ऑफिसात टंगळमंगळ करणं म्हणजे 'मो यू', मासे चाचपणं. त्याला 'स्लॅक ऑफ' शिकवा.

पाटीपेन्सिल: 'मासे चाचपणं' मस्त, तासाची सुरुवात त्यानंच करते. सहकारी सिडनीचे आहेत. तिथे बम चालेल का?