रिसायकल होणाऱ्या केबलला मराठीत काय म्हणायचं?

रंकाळाकाठ: मंडळी, अडकलोय. एचटी म्हणजे उच्च दाबाच्या विजेच्या केबलचं माहितीपत्रक मराठीत करतोय, त्यात 'रिसायकलेबल इन्सुलेशन' आलंय. मी 'पुनर्वापरयोग्य विद्युतरोधक' लिहून दिलं, तर केबल कंपनीच्या साहेबांचा फोन, अहो आमचा जॉइंटर, म्हणजे केबल जोडणारा माणूस, हे वाचून जुनी केबल उकरेल आणि दुसऱ्या खड्ड्यात घालेल. चूक माझीच, पुनर्वापर म्हणजे आहे तसं परत वापरणं. आत्ता बहुतेक केबलवर एक्सएलपीई, म्हणजे साखळ्या एकमेकींत बांधलेलं पॉलिथिलीन असतं, ते परत वितळत नाही, आणि ह्या नव्या केबलवर पॉलिप्रॉपिलीन आहे, ते वितळवून परत दुसरं काही करता येतं, एवढं सगळं हेडिंगच्या दोन शब्दांत बसवायचंय.

व्याकरणपंत: पुनश्चक्रण. कृपा करून 'पुनर्चक्रण' नको, ते हिंदी पाट्यांवरून आलंय. विसर्गापुढे च आला की श् होतो. पुनश्च म्हणतो की पुनर्च म्हणतो आपण?

उद्यमनगरकर: पंत, संधी बरोबर, पण हा शब्द फौंड्रीत म्हणून बघा, पोरं विचारतील कुठली पूजा घातलीय. कास्टिंगला चिकटून आलेले जादाचे तुकडे, रनर-रायझर, तोडून आम्ही परत भट्टीत टाकतो त्याला सरळ 'रिटर्न' म्हणतात, कुणाचं काही अडत नाही.

जुना_जॉइंटर: मी कागदाच्या केबलवर काम शिकलो. तेलात मुरलेला कागद आणि वर शिशाचं कवच, हात चिकट चिकट. एक्सएलपीई आलं आणि काम लई सोपं झालं, सोलायचं, वरचा अर्धवाहक काळा थर, सेमीकॉन, खरवडायचा, पुढं चला. पण भंगारवाला तांबं-ॲल्युमिनियम उचलतो आणि साल तिथंच टाकतो. आम्ही सालच म्हणतो, विद्युतरोधक कोण म्हणतंय. एक्सएलपीई म्हणजे भाकरी बघा, एकदा तव्यावरनं उतरली की परत पीठ होत नाही.

रंकाळाकाठ: भाकरी एक नंबर! खरंच तसंच आहे. पॉलिथिलीनच्या साखळ्या पेरॉक्साइड घालून, तापवून एकमेकींत बांधून टाकतात, म्हणून तर ती केबल सतत ९० अंशाला चालते, नाहीतर साधं पॉलिथिलीन ११० च्या आसपासच वितळतं. पॉलिप्रॉपिलीन वितळायलाच १६० च्या आसपास लागतात, मग बांधायची गरज नाही. फक्त ते कडक असतं, थंडीत तडकतं, म्हणून त्यात मऊ रबरासारखं काहीतरी मिसळतात. आणि पेरॉक्साइड नाही म्हणजे त्यातनं सुटणारा मिथेन वगैरे निघून जाईपर्यंत केबल गरम खोलीत ठेवायची कटकटही नाही.

व्याकरणपंत: याला तयार शब्द आहेत, तापून कायमचं घट्ट होतं ते उष्मादृढ आणि तापवलं की मऊ होतं ते उष्मामृदू. जुन्या घरातली काळी बेकेलाइट प्लास्टिकची बटणं आठवा, १९०७ चा शोध, तीही उष्मादृढच.

उद्यमनगरकर: पण पंत, एक्सएलपीईसुद्धा दळून दुसऱ्या प्लास्टिकमध्ये भर म्हणून घालतात की. मग तेपण रिसायकलच ना?

जुना_जॉइंटर: तो भाकरीचा कुस्करा झाला, पीठ नव्हे.

हुपरीची_लेक: आमच्यात चांदीची आटणी असते. जुने पैंजण आटवले की परत चांदी, परत पैंजण. 'आटीव' लिहा, अस्सल शब्द आहे. नाहीतर 'मोड'. गुजरीत, सराफांच्या पेठेत, जुना दागिना द्यायला गेलं की मोड घालायची आहे म्हणतात.

उद्यमनगरकर: ताई, आटीव म्हटलं की मला बासुंदी दिसते. आणि विहीर आटली तर ती काय रिसायकल झाली?

हुपरीची_लेक: दूध आटतं, चांदी आटवतात. क्रियापद नीट बघा भाऊ, मग बोला.

रंकाळाकाठ: मोड नको हो, 'मोडीत निघालेली केबल' असं वाचलं तर गिऱ्हाईक पळेल. मी आता 'वितळवून पुन्हा वापरता येणारी साल' करायला बसलोय पण साहेबांना साल चालणार नाही.

तांबडा_पांढरा: मोड म्हणजे मटकीचे, विषय संपला. आमचा पुण्याचा पाहुणा मिसळ खाऊन पाचशेची नोट देतोय, मालक म्हणाले मोड द्या, तर हा म्हणतो मिसळीतच होते की, खाल्ले सगळे.

हुपरीची_लेक: 😂😂

व्याकरणपंत: तिन्ही एकच आहेत. नोट मोडते, दागिना मोडतो, मटकीही मोडते. मूळ क्रियापद मोडणे.

जुना_जॉइंटर: मटकी मोडत नाही पंत, फुटते. घरात विचारा.

व्याकरणपंत: फुटणं हे मोडण्याचंच रूप आहे.

हुपरीची_लेक: व्हय? मग डोळे आले की डोळे पण फुटले म्हणायचं का?

रंकाळाकाठ: अहो, पत्रक उद्या सकाळी छापायला जायचंय.

उद्यमनगरकर: रिसायकलेबल लिहा आणि झोपा. आमच्याकडं सगळ्यांना कळतं.

व्याकरणपंत: हेच. असंच करून करून भाषेची ही गत झाली.

तांबडा_पांढरा: बरं ते राहू दे, सुट्ट्या पैशाला मोड फक्त आपल्याकडंच म्हणतात का? बेळगावकडचं कोण आहे का इथं?