पाळणाघरातलं कार्पेट आणि कापडी सोफा: उलट्या-जुलाबाच्या साथीत नेमकं काय करायचं?

पाळणाघर_मनीषनगर

नमस्कार. नागपूरच्या मनीष नगरात आमच्या घराच्या खालच्या मजल्यावर मी पाळणाघर चालवते. दीड वर्षाच्या बाळापासून पहिलीत जाणाऱ्या मुलांपर्यंत सगळी येतात. या आठवड्यात उलट्या-जुलाबाची साथ शिरली. एका मुलाला खेळायच्या खोलीत उलटी झाली, अर्धी कार्पेटवर, अर्धी सोफ्याच्या हातावर. आम्ही लगेच पुसलं, तरी दोन दिवसांत त्याच्यासोबत खेळणारी मुलं एकेक करून आजारी पडली. डॉक्टर म्हणाले, विषाणूचंच आहे, नोरो किंवा रोटासारखं काहीतरी.

खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत चिकटवलेलं सिंथेटिक कार्पेट आहे. शिवाय कापडी सोफा, दोन दिवाण, त्यांवर कापसाच्या गाद्या आणि लोड. बाहेर सारखा पाऊस सुरू आहे, साधे टॉवेल वाळत नाहीत.

फवारणीवाला एक जण येऊन गेला. खोलीत औषधाचा धूर सोडला की आठवडाभर विषाणू राहत नाही, वर तसं सर्टिफिकेटही देतो म्हणाला. पालकांच्या ग्रुपवर बऱ्याच जणांना ते पटलंय. माझं मन घेत नाही. ही लेकरं त्याच कार्पेटवर रांगतात, त्याच गाद्यांवर दुपारी झोपतात आणि तेच हात तोंडात घालतात. त्यांच्या अंगाला औषधाचा थर लागायला नको आणि आजारही पसरायला नको. सोफ्यावर सॅनिटायझर मारलं तर चालेल का? कार्पेट कसं साफ करू? कोणाला नीट माहिती असेल तर सविस्तर सांगा.

जुनी_सिस्टर

ताई, मी सरकारी दवाखान्यात लहान मुलांच्या वॉर्डात नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुम्ही थांबून विचारलंत ते फार बरं केलंत. धुराला हो म्हणू नका.

विषाणू कोणता आहे त्यावर सगळं ठरतं. कोरोना, फ्लू यांच्याभोवती चरबीचं पातळ वेष्टन असतं. साबणानं ते फाटतं, अल्कोहोलनं फाटतं, आणि विषाणू निकामी होतो. नोरो आणि रोटाला हे वेष्टनच नाही. म्हणून ते चिवट. कापडावर, फरशीवर दिवसेंदिवस टिकतात, आणि नोरोवर हाताला लावायचं सॅनिटायझर नीट चालत नाही. सोफ्यावर सॅनिटायझर मारून ओला वास तेवढा येईल. शिवाय ते पेट घेणारं द्रव्य आहे, देवाजवळ निरांजन लागलेलं असतं त्या घरात कापडावर ते शिंपडायचंच नाही. हातांसाठी साबण आणि वाहतं पाणी. तुमचे, मावशींचे आणि मुलांचेही.

आता उलटी. पुन्हा कुणाला झाली तर आधी मुलांना दुसऱ्या खोलीत न्या आणि खिडक्या उघडा. मग हातमोजे आणि मास्क. झाडू नको, व्हॅक्यूम तर अजिबात नको, कारण त्यानं कण हवेत उडतात आणि खोलीभर बसतात. उलटीवर खायचा सोडा भरपूर टाका, ती शोषली गेली की जाड पुठ्ठ्यानं काठाकडून मधे गोळा करा. उलट दिशेनं केलं तर डाग पसरतो. पुठ्ठा, कागद, चिंध्या, हातमोजे सगळं एका पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत आणि बाहेर. जिथं दिसतं तेवढंच पुसून थांबू नका. उलटीचे बारीक तुषार बरेच लांब जातात, म्हणून आजूबाजूची खेळणी, दाराची कडी, सोफ्याचे पाय हेही धरा.

त्यानंतर साबणाच्या पाण्यानं कार्पेटची ती जागा धुवायची. मळ राहिला तर वरून कितीही जालीम औषध घाला, ते मळातच खर्ची पडतं. मग वाफ. नोरोसाठी ७० अंश सेल्सियसची उष्णता सलग ५ मिनिटं किंवा १०० अंशाची १ मिनिट लागते. वाफेचं मशीन भरभर फिरवलं तर कापड नुसतं कोमट होतं, तेव्हा हातभर जागा घ्या, तिथं थांबा, मग पुढे सरका.

ब्लीच फरशी, प्लास्टिकची खेळणी, नळ, कड्या यांच्यासाठी. बाटलीवर ५ टक्के लिहिलेलं असेल तर एक लिटर पाण्यात २० मिली, आणि जिथं प्रत्यक्ष उलटी किंवा शी सांडली त्या फरशीला १०० मिली. किमान ५ मिनिटं जागा ओली राहू द्या, मग साध्या पाण्यानं पुसून घ्या. पाणी रोज ताजं करा. बाटली उन्हाळ्यापासून बाहेर पडलेली असेल तर नवी आणा, आपल्याकडच्या उन्हात ब्लीचचा दम लवकर जातो. आणि संडास धुवायच्या अ‍ॅसिडबरोबर ते कधीही एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो. मावशींना हे समोर उभं राहून सांगा.

धुराबद्दल: जागतिक आरोग्य संघटनेनं मे २०२० मध्ये, कोरोना जोरात असताना, खोल्यांमध्ये अशी सरसकट फवारणी करू नका असंच सांगितलं होतं. औषध वर वर बसतं, खाली मळात पोचत नाही. आणि आज धूर सोडला, उद्या आजारी मूल आलं, तर त्या सर्टिफिकेटचा उपयोग काय?

सोफावाला_सक्करदरा

सिस्टरनं बरोबर सांगितलं. मी सोफे, कार्पेट, गाद्या साफ करायचं काम करतो, तर कापडाचं थोडं माझ्याकडून घ्या.

ताई, आधी सोफ्याच्या गादीखाली किंवा मागच्या शिवणीत चिठ्ठी आहे का पाहा. इंग्रजी अक्षर असते. डब्ल्यू म्हणजे पाण्यानं धुता येते. एस म्हणजे पाणी नाही, ड्रायक्लीनचं द्रावणच. डब्ल्यूएस म्हणजे दोन्ही चालते. एक्स असलं तर फक्त व्हॅक्यूम, पाणी नाही अन् वाफही नाही. आपल्याकडं फर्निचरवाल्यानं बनवून दिलेल्या सोफ्याला बहुतेक चिठ्ठी नसतेच. मग मागच्या बाजूला, भिंतीकडं, हाताएवढ्या जागी करून पाहायचं. पांढरं फडकं ओलं करून दाबा, रंग उतरला तर तिथंच थांबा. ब्लीच सोफ्याला लावूच नका, पांढरे चट्टे पडतात अन् मग कापड बदलल्याशिवाय गती नसते.

लोकं पाणी लय ओततात. लोकांना वाटते जितकं पाणी तितकी सफाई. कार्पेटच्या खाली गोंद आहे, तागाचं अस्तर असलं तर ते आकसते अन् तपकिरी डाग वर येतात. सोफ्याचा फोम पाणी पितो अन् सोडत नाही. चोवीस ते अठ्ठेचाळीस तासांत वाळलं नाही तर बुरशी धरते. एक आजार घालवायला गेलं अन् लेकरांना खोकला-दम्याचं दुसरंच काही लागलं, असं व्हायला नको. म्हणून पाणी मारलं की लगेच ओढून घेणारं मशीन पाहिजे. बादली अन् ब्रश घेऊन कोणी आला तर पावसाळ्यात त्याला परत पाठवा.

मे महिना असता तर मी म्हटलं असतं, कुशन काढा अन् गच्चीवर टाका, नागपूरचं ऊन दोन दिवसांत आतपर्यंत वाळवते. आता ते होत नाही. आता कूलर वापरा. पंप बंद, टाकी रिकामी, नुसता पंखा सुरू, अन् समोरचं दार उघडं. पाण्यासकट चालवाल तर खोलीत दमट हवा भरून राहते, काहीच वाळत नाही. रात्रभर सिलिंग पंखाही सुरू ठेवा.

कापसाच्या गादीला आत पाणी गेलं तर ती पावसाळ्यात वाळत नाही. ज्या गादीवर उलटी मुरली असेल ती लेकरांच्या वापरातून काढा, कापूस टाकून नवा भरून घ्या. बाकीच्या गाद्यांना रेक्झिनची खोळ शिवून घ्या, वर सुती चादर. खोळ पुसता येते, चादर रोज धुता येते.

अन् खरं सांगू का, लेकरांच्या खोलीत चिकटवलेलं कार्पेट नकोच. काढून टाका. खाली टाइल्स असतीलच. एकात एक अडकवायचे फोमचे मॅट घ्या, रोज पुसले जातात.

रेशीमबागची_आई

माझी मुलगी दुसऱ्या एका पाळणाघरात जाते. ताई, पालक म्हणून एकच विनंती आहे: कोणत्या दिवशी कुठं काय झालं ते ग्रुपवर मोकळेपणानं लिहा. सर्टिफिकेटपेक्षा आम्हाला त्यानं जास्त धीर येतो. आणि उलट्या-जुलाब थांबल्यावर किती दिवसांनी मूल पाठवायचं हे सिस्टर सांगतील का? आमच्याकडं सकाळी बरं वाटलं की लगेच पाठवतात.

जुनी_सिस्टर

शेवटची उलटी किंवा जुलाब झाल्यापासून पूर्ण ४८ तास घरी. बरं वाटल्यावरही शीतून विषाणू जात राहतो, कधी दोन आठवड्यांहून जास्त, म्हणून डायपर बदलल्यावर साबणानं हात धुणं पुढेही सोडायचं नाही. स्वयंपाक करणाऱ्या मावशींनाही हाच ४८ तासांचा नियम. त्यांचा पगार कापू नका, नाहीतर त्या आजार लपवून येतील.

रोटाची लस सरकारी केंद्रात फुकट मिळते, ६, १० आणि १४ आठवड्यांच्या बाळाला तोंडावाटे. छोट्या बाळांच्या पालकांना विचारून घ्या. नोरोला अजून लस नाही.

पाळणाघर_मनीषनगर

सगळ्यांचे मनापासून आभार. सोफ्याला चिठ्ठी नाहीच. मागे करून पाहिलं, रंग उतरला नाही. कार्पेटचा एक कोपरा उचलला, खाली टाइल्स आहेत. यजमानांशी बोलले, ते काढायचंच ठरलं. फवारणीवाल्याला ‘नको’ म्हणून कळवलं आणि ग्रुपवर सगळं तारखेनिशी लिहिलं.

दोन गोष्टी राहिल्या. कापडी बाहुल्या, अस्वलं यांचं काय करू? आणि दोन मुलांना सर्दी-खोकला-ताप आहे, उलटी नाही. त्यांच्यासाठीही सोफा असाच वाफेनं घ्यायचा का?

जुनी_सिस्टर

खोकला-तापासाठी सोफ्यामागे एवढं लागू नका. तो आजार मुख्यतः श्वासातून पसरतो. कोरोनाच्या बाबतीत अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेनं एप्रिल २०२१ मध्ये लिहिलं होतं की दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून लागण होण्याची शक्यता दहा हजारांत एकाहून कमी आहे. सोफ्याचे हात साबणाच्या ओल्या फडक्यानं पुसा, चादरी बदला, पुरे. तुमची ताकद हवेवर लावा. एसी तीच हवा फिरवतो, खिडकीतला कूलर बाहेरची ताजी हवा आत ढकलतो, तेव्हा दुपारी झोपायच्या वेळी कूलर बरा, समोरचं दार मात्र उघडं हवं. झोपताना दोन मुलांमध्ये अंतर ठेवा, एकाचं डोकं इकडे, शेजारच्याचं तिकडे.

बाहुल्या मशीनमध्ये ६० अंशावर धुता येत असतील तर धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच द्या. ज्यांना उलटी लागली आणि ज्या धुता येत नाहीत त्या फेकाव्या लागतील. बाकीच्या साथ संपेपर्यंत पिशवीत बांधून माळ्यावर ठेवा.

सोफावाला_सक्करदरा

ताई, कार्पेट उखडताना एक पाहा. उलटीची जागा आधी धुऊन, वाफ देऊन घ्या, मग काढा. कोरडं तसंच ओढाल तर धूळ उडते. लेकरं नसतील त्या दिवशी, मास्क लावून, पट्ट्या कापून गुंडाळत जा, वरची बाजू आत. खालचा गोंद खरवडून झाला की मग टाइल्सला सिस्टरनं सांगितलेलं ब्लीच.