शून्य सावली: सावली जातच नाही, उद्या कार्यक्रम आहे, लवकर सांगा

तासिका_तत्त्वावर (9 मे, संध्या. 7:10)
उद्या आमच्या भौतिकशास्त्र विभागातर्फे शून्य सावलीचा कार्यक्रम आहे, सगळ्या लोकांसाठी खुला. म्हणजे मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली नाहीशी होते, ते दाखवायचं. आज रंगीत तालीम घेतली. वेळेवर मीटरभर पाइप उभा केला, तर सावली आहेच! चांगली 12-13 सेंमी. मुलं फिदीफिदी हसत होती. पत्रिका वाटून झाल्यात. कुणी केलंय का हे? काय चुकतंय?

हळद_बाजार
गाव कुठलं? आमच्या सांगलीत 7 मेलाच होऊन गेलं.

ओळंबा
पाइप सरळ नसणार. नजरेनं लावू नका, गवंड्याकडून ओळंबा आणा. मी चाळीस वर्षं भिंती उभ्या केल्यात, शंभरातले नव्वद लोक इथंच चुकतात.

तासिका_तत्त्वावर
सातारा. पाइप सरळ होता, लॅबच्या स्टँडला आवळला होता. पुढचं सांगा.

पेठेतला
तारीख चुकली तुमची. 13 मे असते, दरवर्षी पेपरात येतं. कार्यक्रम पुढे ढकला.

हळद_बाजार
ती पुण्याची तारीख, पेठेतले! पुणे साडेअठरा अक्षांशावर, सातारा 17.7 वर, सांगली 16.85 वर. सूर्य रोज थोडा थोडा उत्तरेला सरकतो, म्हणून आधी आम्ही, मग सातारा, मग तुम्ही. साताऱ्याला 10 मेच बरोबर. एकदा तरी आम्ही पुण्याच्या पुढे आहोत, राहू द्या.

काळजीवाहू
सूर्याकडे थेट बघू नका. वेल्डिंगची 14 नंबरची काच वापरा. एक्स-रेची फिल्म अजिबात नको.

तासिका_तत्त्वावर
काका, सूर्याकडे कुणीच बघणार नाहीये. सगळे खाली बघणार आहेत.

कृष्णाकाठ
दोन गोष्टी सांगा ताई. पाइप किती वाजता लावला? आणि सावली कुठल्या बाजूला पडली?

तासिका_तत्त्वावर
12 वाजता. मध्यान्ह म्हणजे 12च ना? बाजू लिहून ठेवली नाही. थांबा, फोटो बघते. यवतेश्वरकडे.

कृष्णाकाठ
मग सापडलं. तारीख चुकली असती तर सावली उत्तरेला नाहीतर दक्षिणेला, म्हणजे अजिंक्यताऱ्याकडे, पडली असती. यवतेश्वर पश्चिमेला. म्हणजे 12 वाजता सूर्य अजून पूर्वेलाच होता. भारताचं घड्याळ चालतं 82.5 रेखांशावर, सातारा आहे 74 वर. अंशाला 4 मिनिटं धरली तर 34 मिनिटं उशीर. मे महिन्यात कालसमीकरणाची, म्हणजे सूर्य घड्याळाच्या थोडा पुढे असतो त्याची, साडेतीन मिनिटं वजा. उद्या साताऱ्याची खरी मध्यान्ह 12:30 च्या सुमारास. सावलीचं टोक मिनिटाला साधारण 4 मिलिमीटर सरकतं, तुमचे 12-13 सेंमी तिथं चोख बसतात.

ओळंबा
तरी ओळंबा लावाच.

कृष्णाकाठ
लावू द्या की, चांगलंच आहे. पण 12 सेंमी सावली यायला पाइप सात अंश कलावा लागतो काका. एवढा कललेला पाइप पोवई नाक्यावरून दिसेल.

ओळंबा
आमच्या वेळी इंजिनियरांना तेवढाही दिसायचा नाही.

तासिका_तत्त्वावर
अरे देवा. पत्रिकेत 12 वाजता दीपप्रज्वलन, मग स्वागतगीत, सत्कार, प्रास्ताविक, पाहुण्यांचं मनोगत आणि 12:45 ला प्रात्यक्षिक आहे. मी तासिका तत्त्वावर आहे, पत्रिका बदला म्हणून कुणाला सांगू?

हळद_बाजार
12:45 ला सावली दुसऱ्या बाजूला सहा सेंमी गेलेली असेल. शाल-श्रीफळ नंतर द्या, सूर्य काय पाहुण्यांसाठी थांबतोय?

लै_भारी
त्यापेक्षा मुसळ न्या ताई! पितळी परातीत पाणी घाला आणि त्यात मुसळ उभं करा. ग्रहणातच उभं राहतं म्हणतात ना, ते उद्या भर दुपारी उभं करून दाखवा. बूड सपाट असलं की कधीबी उभं राहतं. पब्लिक खुळं होतंय, मी आमच्या जत्रेत केलंय.

पेठेतला
विषय सावलीचा चाललाय, मुसळ कुठून आणलं?

लै_भारी
घरातनं. तुमच्याकडं मिक्सर असंल.

कृष्णाकाठ
मुसळाचं पुढच्या ग्रहणाला बघू. ताई, जागा कुठली? जमीन सपाट आहे ना?

तासिका_तत्त्वावर
राजवाड्यासमोर, गांधी मैदान. फरशीचा तुकडा न्यायचं ठरलंय. उन्हाचं लोक थांबत नाहीत म्हणून मंडप सांगितलाय.

हळद_बाजार
शून्य सावलीला मंडप!!

कृष्णाकाठ
😀 मंडपात सावली जाणार नाही, ती भाड्यानं आणलीय. मंडप पाहुण्यांना राहू द्या. तुम्ही बाहेर फरशी टाका, घरून पावडरचा डबा, पाण्याची बाटली न्या. पाइप तीन विटांवर ठेवा, मध्ये पांढरा कागद. मध्यान्हीला पाइपातून उजेडाचं गोल चक्र कागदावर पडतं, लोकांना ते जास्त आवडतं. आणि 12:15 पासून पोरांना खडू द्या. दर दोन मिनिटांनी टोकावर खूण करायची, भाषण नको. आभाळ आलं तर मात्र इलाज नाही, वळवाचे दिवस आहेत.

तासिका_तत्त्वावर (10 मे, संध्या. 6:40)
झालं एकदाचं. रसवंतीच्या गाड्याशेजारी फरशी टाकली. ओळंबाही लावला, काका. 12:20 ला पाहुणे माइकवर आले. पोरं खडूच्या खुणा मोठ्यानं मोजत होती, "अजून चार सेंटिमीटर! अजून तीन!" त्यामुळे मंडपातली निम्मी माणसं उठून बाहेर. विभागप्रमुख माझ्याशी बोलत नाहीयेत. 12:30 ला डब्याची सावली नाहीशी झाली, आणि भाजी विकणाऱ्या एका आजींनी डबा उचलून खाली बघितलं. म्हणाल्या, "हितं बी न्हाई की गं." मला पटकन उत्तर सुचलं नाही. मग डबा त्यांच्याच हातात दिला, उंच धरायला सांगितला, तशी सावली बरोबर खाली फरशीवर आली. त्यांनी तीन वेळा वर-खाली करून बघितलं.

हळद_बाजार
फोटो टाका की.

लै_भारी
मुसळ नेलं होतं का?