फुंकर मारल्यावर कागदाची पट्टी वर का उचलली जाते?

प्रश्न (शिक्षिका, परभणी जिल्हा)

सातवीच्या वर्गात मी एक जुनाच प्रयोग दाखवला. वहीच्या कागदाची लांबट पट्टी ओठांखाली धरून वरून फुंकर मारली की तिचे लोंबते टोक उचलले जाते. वेगाने वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होतो, हे ठरलेले उत्तर मी दिले. त्यावर एका मुलीने तीच पट्टी सरळ खाली लोंबत धरली, तिच्या एकाच बाजूने वरून खाली फुंकर मारली आणि म्हणाली, "मॅडम, इथं तर ती फुंकरीकडं येईना की!" पट्टी खरोखरच जागची फारशी हलली नाही. माझे उत्तर कुठे चुकले?

उत्तर (निवृत्त विज्ञान शिक्षक, लातूर)

मॅडम, मुलीने नेमके वर्मावर बोट ठेवले आहे. बर्नोली या शास्त्रज्ञाने १७३८ साली मांडलेला वेग आणि दाब यांचा संबंध एकाच प्रवाहातल्या दोन जागांना लागू पडतो. फुंकरीला वेग मिळतो तो आपल्या छातीच्या जोरावर, त्यामुळे तिची तुलना खोलीतल्या स्थिर हवेशी त्या सूत्राने करता येत नाही, आणि तोंडाबाहेर पडलेल्या मोकळ्या फुंकरीचा दाब भोवतालच्या हवेइतकाच असतो. तुमच्या पट्टीला मात्र बाक होता. फुंकर त्या बाकाला धरून खाली वळते, वळताना पृष्ठभागालगतचा दाब कमी होतो आणि खालची हवा पट्टीला वर रेटते.

पडताळा हवा असेल तर गोल बाटलीमागे पेटती मेणबत्ती ठेवून समोरून फुंका, ज्योत विझते. बाटलीऐवजी तेवढ्याच रुंदीचा चौकोनी डबा ठेवला तर ती सहसा विझत नाही.

उत्तर (शेतकरी, हिंगोली)

सूत्राचे मला कळत नाही, पण मुलांना उफणणीही दाखवा. सुपात ज्वारी आणि भूस मिसळून टेबल फॅनसमोर उंचावरून हळूहळू सोडा. भरलेला दाणा जवळ पडतो, पोचट त्याच्या पुढे आणि भूस सगळ्यांत लांब. आमचे आजोबा तिवईवर उभे राहून वाऱ्याची वाट पाहत. वारा पडला की खळ्यावरचे काम थांबायचे.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर, बाटली मिळाली नाही म्हणून आज तांब्या ठेवला. ज्योत विझली, खडूच्या खोक्यामागे नुसती थरथरली. घागरीमागे विझेल का, यावर वर्गात दोन तट पडले असून उद्या घागर आणायची ठरली आहे.